आकडा आभाळाकडे

फेब्रुवारी उतरणीला लागला आणि मुकुंदवाडी स्टेशनच्या रस्त्यावरचा कडुलिंब पिवळा पडू लागला की मला परीक्षेचे दिवस लागल्यासारखे वाटते. मी सत्तावीस वर्षांची आहे, पुण्याच्या एका प्रयोगशाळेत संशोधन करते, प्रबंधाचे शेवटचे प्रकरण लिहिण्यासाठी महिनाभर आई-वडिलांकडे आले आहे. कोणतीही बोर्डाची परीक्षा मला द्यायची नाही. तरीही पानगळ सुरू झाली की पहाटे पाचला आपोआप जाग येते, आणि काहीतरी राहून गेले आहे, काहीतरी पाठ झालेले नाही, असे वाटत राहते.

आमच्या शहरात हा हंगाम साऱ्या इंद्रियांना एकदम कळतो. गच्चीवरून खाली उतरवलेल्या कूलरच्या जाळ्यांमधून गेल्या वर्षीचा वाळा झटकला जातो आणि त्याची धूळ नाकात जाते. पाण्याचा दिवस असेल तर गल्लीभर निळे ड्रम उभे राहतात. क्रांती चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानांपुढे पोरांची झुंबड उडते, कारण तिथे अख्खे पुस्तक काडेपेटीएवढे करून मिळते. परवा मी तिथे प्रबंधाची प्रत काढायला उभी होते. पुढचा मुलगा दुकानदाराला म्हणाला, "भैया, अजून बारीक करा ना." दुकानदार मान वर न करता म्हणाला, "अजून बारीक केलं तर तुझ्या सरांना नाय दिसणार, पण तुलाबी नाय दिसणार." सगळे हसले. मीही हसले. मी बारावीला कधी असला कागद खिशात नेला नाही, याचा मला फार काळ अभिमान होता. फसवणूक म्हणजे खिशातला कागद, इतकीच माझी तेव्हाची व्याख्या होती.

याच आठवड्यात माझ्या जुन्या कनिष्ठ महाविद्यालयातून फोन आला. बारावीच्या मुलांचा निरोप समारंभ आहे, प्रमुख पाहुणी म्हणून यावे. बोलणाऱ्या शिक्षिका माझ्या वेळी नव्हत्या. त्यांनी माझ्याविषयी ऐकले होते. "तुमचं ते भाषण अजून सांगतात इथं. एका मुलीनं उभं राहून अख्ख्या वर्गाला न्याय मिळवून दिला, असं. तेच सांगा मुलांना. आपलं म्हणणं कसं पटवून द्यायचं ते." मी होकार दिला. नकार द्यायचा तर कारण सांगावे लागले असते.

फोन ठेवल्यावर माझी कानशिले तापली. नऊ वर्षांपूर्वी, त्या भाषणानंतर टाळ्या वाजत असताना, ती अशीच तापली होती.

*

त्या वर्षी इंग्रजीच्या पुस्तकात एका जुन्या शोकांतिकेतला उतारा होता. भर चौकात एक मृतदेह ठेवलेला, समोर जमाव, आणि पाठोपाठ दोन माणसांची दोन भाषणे. पहिला सांगतो की मारणे का योग्य होते, आणि जमाव त्याचा होतो. दुसरा येतो, मारणाऱ्यांना नावे ठेवत नाही, उलट त्यांची स्तुतीच करतो. आणि त्याचे बोलून होईपर्यंत तोच जमाव उलटलेला असतो.

विज्ञान शाखेला इंग्रजीचा तास म्हणजे मागच्या बाकावर भौतिकशास्त्राची गणिते सोडवण्याचा तास. पण आमचे बनकर सर चिवट होते. त्यांनी फळ्यावर तीन रकाने आखले आणि वर लिहिले: विश्वास, तर्क, भावना. "माणूस तीन दारांनी पटतो," ते म्हणाले. "बोलणाऱ्यावर भरवसा बसला तर, कारण गळी उतरलं तर, किंवा काळीज हललं तर. आता प्रत्येक वाक्य कुठल्या दारानं आत शिरतं ते सांगा."

मी गणित बाजूला ठेवले. रसायनशास्त्रात आम्ही तेव्हा अज्ञात क्षार ओळखायला शिकत होतो: पांढरी पूड घ्यायची, चाचण्या करायच्या, आणि आत काय काय आहे ते वेगळे काढून दाखवायचे. भाषणाचेही असेच परीक्षण करता येते, याचा मला विलक्षण आनंद झाला. मी उतारा वहीत उतरवून तीन रंगांच्या पेनांनी रंगवून काढला. दुसऱ्या वक्त्याने मृताचा रक्ताळलेला कपडा लोकांपुढे धरला, त्या ओळीखाली मी लाल रेघ मारली आणि समासात लिहिले: "पुरावा नव्हे, तरी सर्वांत परिणामकारक." सरांनी ती वही वर्गात फिरवली. माझी मैत्रीण मनीषा मागून कुजबुजली, "नशीब तू राजकारणात नाहीस. आम्हाला विकून खाल्लं असतंस." मी तिला कोपर मारले.

*

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचा खरा मालक कोण, असे तेव्हा कुणी विचारले असते तर आम्ही एका सुरात सांगितले असते: रशीद मामू. हुद्द्याने ते परिचर होते. रोज सकाळच्या एसटीने सिल्लोडहून यायचे, खांद्यावर चौकड्याचा रुमाल, वरच्या खिशात डब्यातल्या लोणच्याचा एक डाग. कुठल्या नळाचे पाणी गढूळ येते, कुठला बर्नर फुरफुरतो, कुठल्या मुलीला वायूचा वास सहन होत नाही, सगळे त्यांना पाठ होते.

क्षारांच्या बारा बाटल्यांची त्यांची स्वतःची एक पद्धत होती. आम्लाच्या वाफांनी बाटल्यांवरचे कागद महिन्याभरात सडून गळत. म्हणून मामूंनी आकडे बाटल्यांवर लिहिणे सोडून दिले होते आणि झाकणांवर लाल ऑइलपेंटने काढले होते, उर्दू शाळेत घटवलेल्या वळणदार हाताने. बाटल्या सगळ्या सारख्या. ओळख काय ती झाकणावर. त्यामुळे त्यांचा एकच नियम होता आणि तो ते दिवसातून दहा वेळा सांगत: "झाकण काढलं की आकडा आभाळाकडं. आणि एका टायमाला एकच बाटली."

मी त्यांच्याशी वाद घातला होता. झाकण काढले की ते उताणे ठेवायचे, आतली बाजू वर, म्हणजे टेबलावरची घाण आत जात नाही, असे पुस्तकात स्पष्ट लिहिले होते.

"मामू, तुमचं चूक आहे. पुस्तकात उलटं सांगितलंय."

"पुस्तक लिहिणारा आपल्या लॅबमधी आलता का?"

"पण शुद्धता—"

"बेटी, शुद्ध राहील, पण कोणाचं कोण ते कळायचं नाय."

मनीषा हसून लोळायची बाकी होती. मला राग आला. लेखी नियम माझ्या बाजूने असताना लोक मामूंच्या बाजूने हसले होते.

प्रात्यक्षिकांच्या सराव परीक्षेच्या आदल्या दुपारी मी त्यांना गाठले. मला बेरियम आणि अमोनियमचे दोन पांढरे क्षार शेजारी-शेजारी ठेवून पुन्हा तपासायचे होते. विद्यार्थ्यांना त्या दिवशी आत सोडायची मनाई होती. मामू इकडे-तिकडे बघून म्हणाले, "पाचपर्यंत कर. कोणाला सांगू नको, मला बोलणी बसतील." आणि स्वतः दारापाशी स्टूल टाकून बसले, पाठ माझ्याकडे, म्हणजे मला संकोच नको.

मी दोन्ही बाटल्या एकदम उघडल्या. दोन्ही झाकणे पुस्तकाप्रमाणे उताणी ठेवली. सात आणि अकरा, लाल आकडे टेबलाला चिकटलेले, आतल्या पांढऱ्या बाजू आभाळाकडे. काम झाले. पाच वाजले. मी झाकणे लावली आणि निघाले.

*

दुसऱ्या दिवशी परीक्षा संपल्यावर मनीषा व्हरांड्यात रडत उभी होती. "सातमध्ये अमोनियाचा वास आला गं. नाक फाटलं माझं. तेच लिहिलं. आणि मॅडम म्हणतात, सातमध्ये अमोनियम नाहीच, बेरियम आहे, वास तुझ्या डोक्यात आला. शून्य दिलाय." तिच्यासारखे आणखी आठ जण होते. कुणाचा सात होता, कुणाचा अकरा. काहींचे वडील कामधंदा सोडून आले होते.

ती बोलत होती आणि मला टेबलावरची दोन उताणी झाकणे दिसत होती. मला शंका आली, असे मी म्हणू शकत नाही. मला कळले होते. परीक्षणाचा निष्कर्ष माझ्या हातात होता आणि सभागृहात सगळे जमेपर्यंत दोन तास होते.

त्या दोन तासांत मी काय केले, याचा हिशोब मी पुन्हा पुन्हा मांडला आहे. मी हात धुतले. डबा खाल्ला. रसायनशास्त्राच्या मॅडमनी बाटल्या तपासून सात आणि अकराची अदलाबदल झाल्याचे सांगितले आणि नऊ जणांचे गुण दुरुस्त करण्याचे मान्य केले. कुणाचेच नुकसान उरले नव्हते. मी तेव्हा गप्प बसले असते, तरी ती केवळ भीती ठरली असती; अठरा वर्षांच्या मुलीच्या भीतीला मी आज कदाचित क्षमा केली असती.

पण पालक ऐकेनात. बोर्डाच्या प्रात्यक्षिकाला असे झाले तर जबाबदार कोण, असा प्रश्न निघाला. प्राचार्यांनी सगळ्यांना सभागृहात बसवले. मामूंना विचारले. ते म्हणाले, "साहेब, बाटल्या मी कपाटात ठेवल्या तशाच काढल्या. काल आत कोणीबी आलं नाय."

कोणीही आले नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

"वर्गाच्या वतीनं एकानं बोला," प्राचार्य म्हणाले. वर्गाने मला पुढे ढकलले. "तू बोल, तुला जमतं."

आणि मला खरोखरच जमले. मी उभी राहिले आणि फळ्यावरचे तीन रकाने डोळ्यांपुढे आले. मी म्हणाले, मामूंबद्दल आम्हा सर्वांना आदर आहे, दोन वर्षे त्यांनी आम्हाला घरच्यासारखे सांभाळले; पहिले दार उघडले. मी म्हणाले, बाटल्या कपाटात असतात, कपाटाला कुलूप असते, त्या कुलपाची किल्ली एकाच माणसाकडे असते. यावरून काय समजायचे ते मोठ्यांनी ठरवावे. दुसरे दार. मग मी मनीषाच्या हातातली उत्तरपत्रिका घेतली, लाल शून्य सगळ्यांना दिसेल अशी वर धरली आणि म्हणाले, ही मुलगी पहाटे चारला उठून अभ्यास करते, हिने काय चूक केली? आणि शेवटी, आवाज खाली आणून: वय झाले की नजर साथ देत नाही, यात कुणाचा दोष नसतो, पण आमचे वर्ष पणाला लावू नका.

त्या भाषणात एकही वाक्य खोटे नव्हते. पुढे कित्येक वर्षे मी याचाच आधार घेत होते. आज मला नेमके तेच सर्वांत किळसवाणे वाटते. खोटे बोलताना निदान जीभ अडखळते. माझी अडखळली नाही.

टाळ्या झाल्या. मामू दाराजवळ उभे होते, हात पाठीमागे. ते म्हणाले, "बरोबर बोलतीय पोरगी. माझ्याच हातनं झालं असंल."

सभागृहाने ती कबुली मानली. दुसऱ्या दिवसापासून मामूंना प्रयोगशाळेतून काढून फाटकावर बसवले. गाड्यांचे आकडे वहीत टिपायचे काम.

बनकर सर मागच्या रांगेत होते. आठवड्याने त्यांनी माझी इंग्रजीची वही परत दिली. "तक्ता चांगला पाठ झालाय तुझा," ते म्हणाले. मला वाटले, कौतुक आहे. मग ते चष्मा पुसत म्हणाले, "त्या भाषणानंतर नाटकात काय होतं, ते पुस्तकात नाही. परीक्षेला नसतं म्हणून आम्हीही शिकवत नाही. सवड झाली की वाच." सवड मला महाविद्यालयाच्या तिसऱ्या वर्षी झाली. भाषणाने पेटलेला जमाव रस्त्यावर येतो आणि भलत्याच माणसाला धरून मारतो. तो ओरडून सांगत असतो की मी तो नव्हे. वसतिगृहाच्या गच्चीवर, भर उन्हात, मी ते पान मिटले आणि पुन्हा उघडले नाही.

बोर्डाच्या प्रात्यक्षिकाला मला तीसपैकी तीस मिळाले. फाटकातून बाहेर पडताना मामूंनी वहीतून डोके वर काढून विचारले होते, "कसं गेलं, बेटी?"

"छान," मी म्हणाले. थांबले नाही. बस यायची होती.

*

फोन आल्यानंतरच्या मंगळवारी मी सिल्लोडची एसटी पकडली. मामू निवृत्त होऊन तिथेच असतात, एवढे फाटकावरच्या नव्या माणसाने सांगितले होते. जळगाव रस्त्याला कापसाच्या गाड्या पुढे चालल्या होत्या. त्यांतून उडालेला कापूस बाभळींच्या काट्यांना अडकून राहिला होता. मी खिडकीशी बसून काय बोलायचे ते मनात जुळवत होते. प्रथम जुन्या आठवणी, म्हणजे मन मोकळे होईल, मग घटनाक्रम, मग क्षमा... फुलंब्री मागे पडल्यावर माझ्या लक्षात आले की मी पुन्हा तेच तीन रकाने आखते आहे. मी पर्स छातीशी धरून डोळे मिटून घेतले. शेजारच्या बाईंनी विचारले, "गाडी लागती का? लिंबू देऊ?"

मामूंच्या सुनेने दार उघडले. नसरीन तिचे नाव, माझ्याच वयाची. मामू आत पलंगावर बसून मक्याचे दाणे सोलत होते. केस पूर्ण पांढरे, रुमाल तोच. मला ओळखायला त्यांना क्षणही लागला नाही. "अगं, आमची लॅबमधली पोरगी! नसरीन, देख, कोण आलंय! चहा ठेव."

स्वयंपाकाचा ओटा समोरच दिसत होता. फळीवर डबे होते, पंधरा-वीस. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी. प्रत्येक झाकणावरही तीच चिठ्ठी. शिवाय प्रत्येक झाकण सुतळीने आपापल्या डब्याला बांधलेले. शक्कर, शक्कर. नमक, नमक. तोच वळणदार हात.

मी जुळवलेले सगळे टाकून दिले. म्हणाले, "मामू, त्या दिवशी झाकणं मी बदलली. सात आणि अकरा. मी दोन्ही एकदम उघडली होती. भाषण केलं तेव्हा मला ते माहीत होतं."

त्यांच्या हातातले कणीस थांबले. मग ते हसले, लहान मुलाला हसतात तसे.

"नाय, नाय. तू कशाला बदलशील? तू तर पुस्तकापरमाणं करणारी."

"पुस्तकाप्रमाणंच केलं. म्हणून तर आकडे दिसले नाहीत."

"झाकणं मी लावली होती, बेटी. तू गेल्यावर. चांगलं याद हाय मला. तुम्ही पोरी सगळं उघडं टाकून जायच्या."

"मी लावली होती, मामू. माझ्या हातानं."

"तूच तर बोलली होती की सगळ्यांसमोर," ते शांतपणे म्हणाले, "नजर साथ देत नाय म्हणून. किती अच्छं बोलली. मी घरी येताना गाडीत विचार केला, बरोबर हाय, बुढा झालो मी. मग डोळ्याच्या डॉक्टरकडं गेलो. तो म्हणतो, नजर ठीक हाय. त्याला काय कळतं? तू दोन वर्षं मला बघत होती."

नसरीन गॅसपाशी पाठमोरी उभी होती. चहा उकळून वर आला तरी तिने आच कमी केली नाही.

"डॉक्टरचं बरोबर होतं," मी म्हणाले. "मी शनिवारी कॉलेजात निरोप समारंभाला जाणार आहे. सगळ्यांसमोर सांगते."

आणि हे म्हणता म्हणता, शपथेवर सांगते, त्या भाषणाचे पहिले वाक्य माझ्या डोक्यात तयार झाले. चांगले वाक्य होते. ऐकणाऱ्यांचे काळीज हलले असते. मी जीभ चावली.

"मत सांगू," मामू म्हणाले. "लोकं म्हणतील, बुढ्याला खूश करायला आली. मला वाईट नाय वाटत. तू इतक्या दुरून आली, बस झालं."

अठराव्या वर्षी मी तीन मिनिटांत एका सभागृहाला एक चुकीची गोष्ट पटवली होती, आणि त्या सभागृहात सर्वांत पक्की पटली होती ती ज्याच्यावर ठपका आला त्यालाच. आता खरी गोष्ट तीन वेळा सांगून झाली होती. पुरावा माझ्याकडे नव्हता. प्रयोग पुन्हा करता येणारा नव्हता. पटवायचे असते तर तीन दारे अजूनही मला ठाऊक होती. मी रडले असते तर कदाचित त्यांनी मानले असते. म्हणून मी रडले नाही.

नसरीनने चहा आणून ठेवला. "फिका हाय, ताई," ती म्हणाली. "शक्कर वरून घ्यावी लागती आमच्यात. अब्बांनी एकदाबी स्वतःच्या हातानं चहात शक्कर टाकली नाय, मी लग्न करून आले तवापासून." तिने साखरेचा डबा माझ्यापुढे सरकवला.

मी तो उचलून मामूंच्या हातात दिला. "तुम्ही टाका, मामू. माझ्या कपात."

त्यांनी सुतळी सोडवली नाही, तिला लांब ओढून झाकण काढले आणि पलंगावर ठेवले. चिठ्ठी वर, आभाळाकडे. चमचा आत घातला. डब्यावरची चिठ्ठी वाचली. झाकणावरची वाचली. दाणे बोटावर घेऊन उजेडाकडे धरले. पुन्हा चिठ्ठी वाचली. चमचा माझ्या कपावर येऊन थांबला.

"नसरीन," त्यांनी हाक मारली, "जरा देख गे. शक्करच हाय ना?"

नसरीनने डब्यात पाहिले नाही. तिने माझ्याकडे पाहिले.